तीन बेटांचा सौदा

परब, तू गेल्याचं कळल्यावर लोक शेडवर येऊन मला म्हणाले, "शेठ, तुमचा माणूस गेला." मी मान हलवली, सगळ्यांना चहा मागवला. पण खरं सांगू, मला रागच आला. तू माझा माणूस कधी होतास? अर्धं आयुष्य तू टेबलाच्या पलीकडे बसलास, कंपनीच्या बाजूला. मी अलीकडे, हातात मालाचं चलन घेऊन उभा. माझ्या मालात खोट शोधायची हे तुझं काम आणि खोट नाही हे तुला पटवायचं हे माझं. अशा दोघांना कुणी एकमेकांची माणसं म्हणत नाही. तरीही शेडमध्ये कुणी माप चुकवलं की ओरडायला तोंड उघडतो आणि थांबतो. आधी तू काहीतरी बोलशील म्हणून थांबतो.

आपलं भांडण तुला पाठ आहे. तरी मी ते पुन्हा सांगणार, कारण आता तुला मधे तोंड घालता येणार नाही.

मे महिना होता. मी धंद्यात नवा. चाकणजवळ वडिलांच्या वाटणीच्या रानात पत्र्याची शेड, एक जुनं ग्राइंडिंग मशीन, भागीदार म्हणून चुलतभाऊ आणि हाताखाली चार पोरं. तुमच्या कंपनीची पिनांची पहिली मोठी ऑर्डर मिळवायला मी वर्षभर चपला झिजवल्या होत्या. त्या पिना पत्र्याखाली तापलेल्या, मग उघड्या टेम्पोत उन्हातून आलेल्या. तू तुझ्या एसीच्या खोलीत पेटी उघडलीस आणि काढल्या काढल्या पिना मोजायला घेतल्यास. केसाच्याही कितीतरी कमी, पण जाड. मी म्हणालो, साहेब, लोखंड तापलं की फुगतं, तासदोनतास पडू द्या, मग मोजा. तू वर न बघता म्हणालास, "मला आत्ता दिसतंय तेच मी लिहिणार." आणि नापासाचा लाल टॅग लावलास. मी हातातली पिन तुझ्या टेबलावर आपटली. वॉचमनने मला दंडाला धरून बाहेर काढलं. तुमच्या पुरवठादारांच्या यादीतून माझं नाव गेलं ते वर्षभर. चुलतभाऊ भागीदारी सोडून गेला, पोरांना मी घरी पाठवलं. पुन्हा उभा राहिलो तो रागावर उभा राहिलो, हे तुला मी शंभर वेळा ऐकवलंय.

पुढे यादीत परत आलो. तुझ्यासमोर किती वर्षं उभा राहिलो, किती माल परत नेला, दुरुस्त केला, परत आणला. तू कधी चहा घेतला नाहीस माझा. दिवाळीची मिठाई दारातून परत पाठवलीस. तुझ्याएवढा कोरडा माणूस मी बघितला नव्हता, आणि तुझ्याएवढा ज्याचा भरवसा वाटावा असाही. तू पास केलेला माल मला कधी झोपेतून उठवायला आला नाही.

तू रिटायर झालास तेव्हा थेरगावला तुझ्या घरी मीच आलो. त्यात माझा हिशेब होता, तो मी तुझ्यापासून लपवलाही नाही. ज्याने माझा माल सगळ्यात जास्त वेळा परत पाठवला, तोच माझ्या दारात तपासायला बसला तर माल परत येईल कुठून? वहिनींनी सुक्या बांगड्याचं कायतरी केलं होतं. आमच्या घरात मासा कधी शिजला नाही, पण ते मी खाल्लं, कारण समोरच्याच्या घरचं खाल्लं की त्याला नाही म्हणणं जड जातं. तू यायला तयार झालास. पगाराला मात्र नाही म्हणालास. मी आकडा वाढवला, तू हसलास. मी म्हणालो, फुकट काम मी कुणाकडून घेत नाही, तुझं काय ते बोल. तेव्हा तू म्हणालास, "मे महिन्यात एकदा मला समुद्रात ने, शेठ."

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या तुझ्या गावातून समोर समुद्रात खडकाळ बेटं दिसतात. माणूस नाही, गोडं पाणी नाही. तुझे वडील खलाशी, ते सांगायचे की मे महिन्यात त्यातला एक खडक पाखरांनी पांढरा होतो, दगड दिसत नाही. तू लहानपणी किनाऱ्यावरून बघायचास, पण तिकडे जाणाऱ्या होडीत पोराला कोण घेणार? अठराव्या वर्षी तू पिंपरीला कामाला आलास. मग पाळ्या, ओव्हरटाइम, लग्न, हप्ते. गावाला गेलास तो गणपतीत, म्हणजे समुद्र खवळलेला असताना. तो खडक तुझ्या आयुष्यभर समोर होता आणि तू तिथे गेला नव्हतास. रिटायर झाल्यावर एक जुनी दुर्बीण घेतली होतीस आणि पाखरांचं एक पुस्तक. त्या पाखरांना सुरय म्हणतात, हे तू मला सांगितलंस. मी विचारलं, विकतात का. तू कपाळाला हात लावलास.

तू शेडवर यायला लागलास आणि पहिल्या आठवड्यात नियम केलास. मशीनवरून उतरलेली पिन लगेच मोजायची नाही, थंडगार लादीवर पडू द्यायची, मगच हात लावायचा. मी हे ऐकलं आणि पोरांसमोर उसळलो. म्हणजे तुला ठाऊक होतं! मग त्या दिवशी माझ्या पिना का नाही पडू दिल्यास? पोरं मशीन बंद करून बघत राहिली. तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, तुझ्या शेडचा नियम तुझ्यासाठी आहे, कंपनीचं कंपनीला विचार. हे काय उत्तर झालं? असलं उत्तर गिऱ्हाइकाला मी देतो, तू मला द्यायचं नव्हतंस.

त्यानंतरच्या मे महिन्यात आपण निघालो. गाडी मी चालवत होतो. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत तू बोलत होतास, तू इतका बोलतोस हे मला माहीतच नव्हतं. पण एका गिऱ्हाइकाचा माल अडकला होता, फोन कानाला होता, त्यामुळे तुझं अर्धं ऐकलं, अर्धं हं हं करून सोडलं. त्या अर्ध्यात काय होतं हे आता वहिनींकडून कळलं, म्हणून तर लिहायला बसलोय.

सकाळी जेटीवर बाबल भेटला, तुझ्याच गावचा होडीवाला. त्याने सांगितलं, एका खडकाला नेतो, वाटेत डॉल्फिन दाखवतो, दुपारच्या आत परत. मला ते कमी वाटलं. एवढे घाट उतरून आलो आणि एक खडक? तू म्हणालास, "एक पुरे, शेठ." मी तुझ्या हाताला चिमटा काढला. बाजूला नेऊन दटावलं, आरं, गिऱ्हाइकानं हौस दाखवायची नसती राव, भाव चढतो, तू गप बस, मी बघतो. आणि तू गप बसलास. समोरच्याला एका शब्दात गार करणारा तू, माझ्या मागे होडीच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिलास.

मी माझ्या पद्धतीने केलं. बाबलच्या होडीला नावं ठेवली, दुसऱ्या होडीकडे बघितलं, गाडीपर्यंत चालत गेलो, दार उघडलं. तो हाक मारत आला. त्याच पैशात तीन बेटं ठरली. दीपगृहाचा खडक, पाकोळ्यांच्या गुहेचा खडक आणि तुझा पाखरांचा खडक. मी तुझ्याकडे बघून डोळा मारला. तू दुर्बीण गळ्यात घातलीस. मला वाटलं, खूश आहेस.

पहिला तुझाच खडक लागला. तसं काही मी जन्मात बघितलं नाही, आणि मी ज्याला त्याला सांगत नाही म्हणून तुला सांगतो. लांबून दगडावर मीठ सांडल्यासारखं दिसत होतं. जवळ जाता जाता ते मीठ हललं. मग सगळं पांढरं एकदम वर उठलं आणि असा कल्ला झाला की इंजिनाचा आवाज बुडाला. तू उभा राहिलास. होडी हेलकावत होती, पोहता तुला येत असेल, पण साठी उलटलेल्या माणसाने उभं राहायची ती वेळ नव्हती. तू बाबलला म्हणालास, "मशीन बंद कर मरे जरा." तुझ्या तोंडून तुझ्या गावची भाषा मी पहिल्यांदा ऐकली. बाबल माझ्याकडे बघत म्हणाला, "सायबानु, शेठनी तीन ठरवल्यानी. बारानंतर वारो सुटता, थांबूक गावचा नाय." म्हणजे थांबायला मिळणार नाही. तू माझ्याकडे बघितलंस.

ते बघणं मला आता आठवतं. तेव्हा मी म्हणालो, थांबून काय करायचं, अजून दोन आहेत पुढं. बाबलने होडी एकदा फिरवून घेतली आणि निघाला. पाखरं अजून खाली बसलीही नव्हती. तू पाठमोरा बसलास, तोंड त्या खडकाकडे, आणि तो बोटाएवढा होईपर्यंत दुर्बीण खाली केली नाहीस.

मग डॉल्फिन आले. मीच ओरडत होतो, डाव्या बाजूला, आता उजव्या. पाठी बाहेर काढायचे आणि होडीच्या वेगाने दचकून बुडायचे. गुहेच्या तोंडातून पाकोळ्या, ती बारकी काळी पाखरं, अशा सुटत होत्या, जसा चिमणीतून धूर निघावा, पण आत काय आहे हे बघायला बाबलला सवड नव्हती. दीपगृहाच्या खडकावर पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड मान वाकडी करून आपल्याकडे बघत होता. मी बोटांवर मोजलं, एक, दोन, तीन. ठरल्याप्रमाणे सगळं मिळालं होतं. समाधानाने माझं पोट भरलं आणि मी नेमका तेव्हा तो विषय काढला. म्हटलं, आता आपण दोघंच आहोत, कंपनी नाही, टेबल नाही, आता तरी कबूल कर की त्या पिना बरोबर होत्या.

तू मागे वळून बघितलंस, तुझा खडक राहिला त्या बाजूला. मग म्हणालास, "पुढच्या वेळी सांगतो. एका ठिकाणी थांबलो की सांगतो."

मला वाटलं, टाळतोयस. मी चिडलो, जेटीला लागेपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. बाबल आपल्या दोघांकडे बघून गालात हसत होता, त्याला वाटलं असेल या दोघांचं जुनं काहीतरी वाटणीचं असावं. परत येताना घाटात चहाला थांबलो तेव्हा तूच बोललास. म्हणालास, झकास झालं, शेठ. एवढंच. मी वर्षभर ते वाक्य वापरलं. शेडवर येईल त्याला सांगायचो की एकाच्या पैशात तीन बेटं केली, विचारा परबाला. तू समोर असायचास, मान हलवायचास, पुढची पिन उचलायचास.

यंदा होळीच्या सुमारास तू म्हणालास, मे महिन्यात परत जाऊ, पण या वेळी बाबलशी मी बोलणार. खरं तर मला यायचंच होतं. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे, समोरच्याला काही हवं असलं की माझ्या हातात आपोआप तराजू येतो. मी म्हणालो, आधी पिनांचं बोल, मग बघू. तू हसलास. "तुझा रेट फार आहे, शेठ," म्हणालास आणि डबा उचलून घरी गेलास.

दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, रुसला. धंद्यात मी एक गोष्ट कडक पाळली आहे, ज्याने आधी फोन केला तो वाकला. म्हणून मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. पोरांनी विचारलं तर म्हणालो, येईल, जाणार कुठं. तू तेव्हा दवाखान्यात होतास, छातीत नळ्या घेऊन. वहिनींना तू सांगितलंस, शेठला कळवू नका, तो इथे येऊन डॉक्टरशी घासाघीस करेल. हे वहिनींनी मला हसत हसत सांगितलं, आणि मग त्यांना हसता आलं नाही. परब, मी केली असती घासाघीस. डॉक्टरशी केली असती, आणखी कुणाशीही केली असती. तेवढंच तर मला येतं आणि तेवढंच तू मला करू दिलं नाहीस. याचा राग माझा जाणार नाही.

मग एका सकाळी तुझ्या मुलीचा, स्मिताचा, फोन आला, बाबा दवाखान्यात आहेत म्हणून. मी चाकणहून निघालो, मोशीच्या पुढे ट्रक अडकले होते. मी खाली उतरून लोकांवर ओरडलो, हवालदाराशी भांडलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या आणि मला बघून त्यांनी पदर डोक्यावर घेतला. मला विचारावं लागलं नाही.

दहाव्याला चिंचवडच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे होते, पिंपळावर चांगले पाचसहा बसले होते, पण एकही खाली येईना. तुझ्या मेहुण्याने हात जोडून सांगितलं, गावचं घर शाकारून घेतो. स्मिता म्हणाली, आईला एकटं ठेवणार नाही. कावळे बसून. गुरुजी म्हणाले, कुणाला काही माहीत असेल, त्यांच्या मनात काही राहिलं असेल तर बोला. तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "त्यांना त्या एकाच खडकापाशी थांबायचं होतं. सकाळपासून उन्हं चढेपर्यंत, मशीन बंद करून. पाखरं पुन्हा खाली बसतात ती बघायची होती."

मी वहिनींकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, गाडीत तुम्हाला सांगितलं म्हणाले होते. मग तुम्ही इतक्या हौसेने तीन बेटं ठरवलीत, आता कसं सांगायचं, म्हणाले. शेठला वाईट वाटेल.

परब, तू? तू माझ्या वाईट वाटण्याचा विचार केलास? माझी चूल बंद पडली तेव्हा तुझी नजर वर उठली नव्हती. एवढी वर्षं माझा माल तू उलटा केलास, सुलटा केलास, परत पाठवलास आणि जन्मात एकदाच माझ्याकडून जे हवं ते तोंडाने मागितलंस. ते मी चुकीचं बनवून दिलं, आणि तेवढंच तू पास केलंस. का? परत पाठवायचं होतंस ना. घाटातल्या चहाला म्हणायचं होतंस, शेठ, हे मी मागितलेलं नाही. मी आरडाओरडा केला असता, कप आपटला असता आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुला परत त्या खडकावर नेऊन सोडलं असतं. परत आलेला माल दुरुस्त करून देणं हेच तर मी आयुष्यभर केलं. तूच शिकवलंस मला ते. तू नाही म्हणालास की मला रस्ता दिसायचा. तू झकास म्हणालास आणि मी वर्षभर अडाण्यासारखा फुशारक्या मारत राहिलो, तुझ्यासमोर, तुला साक्षीला धरून.

आणि पिनांचं तू खरंच सांगणार होतास. एका ठिकाणी थांबलो की सांगतो म्हणालास. काय सांगणार होतास, ते आता कुणाला ठाऊक? वहिनींना विचारायचं तोंडावर आलं होतं, त्या घाटावर, त्या वेळीही. विचारलं नाही. त्यांनीच नंतर म्हटलं की पिनांचं तुमच्यात काय होतं ते मला कधी कळलं नाही.

वहिनी बोलल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेहुणा म्हणाला, "शेठ, तुम्ही बोला. नेतो म्हणा वहिनींना, त्यांच्या नावाने त्या खडकावर. तुमच्याच शब्दासाठी थांबलाय तो." सोपं होतं. होडी मी कधीही ठरवू शकतो, बाबल माझा फोन उचलतो. वहिनींना मी नेणारच आहे, त्याला कावळ्याची साक्ष नको. पण त्या वेळी हात जोडून उभा राहिलो आणि तोंडातून शब्द काढला नाही. लोकांना वाटलं असेल, केवढा घट्ट माणूस, मेलेल्याशीही अडून बसलाय.

तसं नव्हतं, परब. मी जन्मभर सौदे केलेत. शब्द दिला की काय होतं ते मला माहीत आहे. दोघं हातात हात देतात, उठतात आणि आपापल्या वाटेने जातात. मागे काही उरत नाही. मला तुझ्याशी असं काहीच मिटवायचं नव्हतं, पिनांचंही नाही आणि खडकाचंही नाही. मी हो म्हणालो असतो तर कावळा आला असता.

ऊन चढलं. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. सगळे उठले. मी बसून राहिलो.